किती घातलं, आणि किती वेळ ठेवलं

एम.एस्सी. मायक्रोबायॉलॉजीच्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्टचे विषय ठरायला लागले, तेव्हा आमच्या वर्गात बहुतेकांच्या वहीत एकच साचा होता : अमुक वनस्पतीचं तेल किंवा अर्क, आणि त्याचा अमुक जिवाणूवर परिणाम. कोल्हापुरात हा विषय आपसूक सुचतो. पन्हाळा, राधानगरी हाकेच्या अंतरावर, वनस्पतींना तोटा नाही. जिवाणू पसरलेल्या अगारच्या, म्हणजे त्यांच्या खाद्याच्या जेलीच्या, प्लेटमध्ये खड्डा पाडून त्यात अर्क सोडायचा, दुसऱ्या दिवशी भोवती पडलेलं स्वच्छ वर्तुळ पट्टीने मोजायचं. मी म्हशींच्या कासदाहाचा, म्हणजे गावाकडच्या 'दगडी'चा, जिवाणू स्टॅफिलोकॉकस घेतला होता, कारण माझ्या आत्याचा वडणग्याला गोठा आहे आणि 'दगडी'ने कास दगडासारखी झालेली म्हैस मी लहानपणापासून पाहत आले आहे. मॅडमनी माझा आराखडा वाचला आणि विचारलं, "वर्तुळ पडेल गं, पण तो जिवाणू नेमका केव्हा मेला, हे तुला त्यातून कसं कळणार?"

त्या प्रश्नातून माझा प्रोजेक्ट उभा राहिला. त्यातली प्रक्रिया सविस्तर लिहिते आहे, कारण अँटिबायोटिकला पर्याय म्हणून येणाऱ्या प्रत्येक गोष्टीबद्दल आपल्याकडे 'किती टक्के' एवढंच बोललं जातं. 'किती वेळ' हे कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही.

पर्याय शोधायची निकड खरी आहे. औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं थेट दगावली, असा अंदाज २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्याच २०१९ साली भारत सरकारने कोलिस्टिन हे औषध ज्यांचं मांस-दूध माणूस खातो अशा जनावरांसाठी आणि कोंबड्यांसाठी वापरायला बंदी घातली. माणसासाठी शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवायचं औषध खाद्यातून दिलं जात होतं. दुभत्या जनावराच्या बाबतीत आणखी एक अडचण. अँटिबायोटिकची ट्यूब सडात सोडली की ठरलेले दिवस ते दूध डेअरीला घालता येत नाही. ज्याचं घर दुधाच्या बिलावर चालतं, त्याला हे दिवस फार लांब वाटतात.

पण पर्याय म्हणजे नेमकं काय, हेही बघायला हवं. मी चार गोष्टी निवडल्या. लवंगेचं तेल, ज्यात मुख्यतः युजेनॉल असतं. थायमॉल, म्हणजे ओव्याचा तो उग्र वास ज्याचा, ते. चांदीचे नॅनोकण. आणि निसिन, हे लॅक्टोकॉकस नावाच्या दुधातल्याच जिवाणूने बनवलेलं प्रथिन, चीज टिकवायला ते कित्येक वर्षं वापरात आहे. तुलनेला एक जुनं सल्फा औषध ठेवलं. हे सगळे जिवाणूला वेगवेगळ्या वाटेने गाठतात. थायमॉल आणि युजेनॉल पेशीचं पातळ आवरण विस्कटतात. निसिन आवरणातल्या एका रेणूला धरून तिथे भोक पाडतं. चांदीचे कण स्वतः फारसं काही करत नाहीत, त्यांच्यातून सुटणारे चांदीचे आयन करतात. सल्फा औषध तर जिवाणूला हातही लावत नाही, त्याचं फॉलिक ॲसिड बनवायचं काम तेवढं अडवतं. वाटा इतक्या वेगळ्या, तर पोचायला लागणारा वेळ सारखा कसा असेल?

जिवाणूसाठी दुधाचे नमुने आत्याच्या गोठ्यातूनच आणले. पहाटे धार काढायच्या आधी सड धुवायचा, कोरडा करायचा, ७० टक्के अल्कोहोलच्या बोळ्याने टोक पुसायचं आणि अल्कोहोल सुकेपर्यंत थांबायचं. हे थांबणं महत्त्वाचं. पुसल्या पुसल्या नमुना घेतला तर अल्कोहोलला काम करायला वेळच मिळत नाही आणि कातडीवरचे जिवाणू बाटलीत येतात. पहिल्या दोन-तीन धारा सोडून द्यायच्या आणि पुढची धार बाटली आडवी धरून तिच्यात घ्यायची. आत्या हे सगळं बघत होती. मी तिला सांगितलं, की असं काही औषध शोधतोय जे धार काढल्यावर सडाला लावलं की दगडी होणार नाही. तिने लगेच विचारलं, "आगं, पण लावून किती येळ थांबायचं? माझ्या चार म्हशी हायत, एकेकीला चार सडं."

मी वाचलेल्या शोधनिबंधांपैकी फार थोड्यांत या प्रश्नाचं उत्तर होतं. धार काढायच्या आधी सड औषधात बुडवला, तर साधारण अर्ध्या मिनिटाने पुसायचा, अशी जगभर पद्धत आहे. म्हणजे औषधाला मिळतात ३० सेकंद. धार काढल्यानंतर लावलं तर ते सडावरच राहतं, पण तिथेही घड्याळ असतंच. सडाचं तोंड धार काढल्यावर लगेच मिटत नाही, साधारण अर्धा तास, कधी त्याहून जास्त उघडं राहतं. म्हणून धारेनंतर म्हशीपुढे वैरण टाकायची, की ती उभी राहील, शेणात बसणार नाही. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर धार काढतात, तिथे तर जनावर उघड्या सडांनी भर रस्त्यातून परत घरी जातं. या अर्ध्या तासात जे औषध काम करत नाही, ते नंतर कितीही करो, त्याचा उपयोग कमी.

आणि बहुतेक निबंधांत आकडा कुठला असतो? एमआयसी. म्हणजे जिवाणू डोळ्यांना दिसेल इतका वाढू न देणारं कमीत कमी प्रमाण. ते काढायला ब्रॉथमध्ये, म्हणजे जिवाणूंच्या पातळ खाद्यात, दर मिलिलिटरला सुमारे पाच लाख जिवाणू सोडतात, औषध निम्म्यानिम्म्याने कमी करत नेतात, ३५ अंशाच्या आसपास रात्रभर ठेवतात आणि सकाळी कुठली नळी स्वच्छ आहे ते बघतात. चांगली पद्धत आहे, सगळ्या प्रयोगशाळांना एकमेकींशी बोलता येतं ते हिच्यामुळे. पण तिच्यात औषधाला १६ ते २० तास मिळालेले असतात. स्वच्छ नळीतले जिवाणू पहिल्या मिनिटाला मेले, सहाव्या तासाला मेले, की मेलेच नाहीत आणि नुसते थांबून राहिले, हे त्या नळीकडे बघून सांगता येत नाही. रात्रभराचा आकडा घेऊन अर्ध्या मिनिटाच्या कामाला निघायचं, हे मला पटेना.

म्हणून टाइम-किल. नाव मोठं वाटलं तरी कल्पना सोपी : जिवाणू आणि औषध एकत्र करायचं, ठरलेल्या वेळी थोडं काढायचं, त्यात जिवंत किती उरले ते मोजायचं. आदल्या संध्याकाळी जिवाणू ब्रॉथमध्ये लावायचा, सकाळी ताज्या ब्रॉथमध्ये घेऊन वाढीच्या जोमात आणायचा, कारण थकलेला जुना जिवाणू आणि भराभर वाढणारा जिवाणू औषधाला सारखा वागत नाही. मग मॅक्फरलंड ०.५ या गढूळपणाच्या ठरलेल्या मापाशी तो जुळवायचा, म्हणजे मिलिलिटरला साधारण पंधरा कोटी जिवाणू, तिथून तो पातळ करत आणायचा. फ्लास्क आधीच ३७ अंशाला गरम ठेवायचे. थंड ब्रॉथमध्ये पहिली पाच मिनिटं तापण्यातच जातात. पहिला नमुना ३० सेकंदांनी, मग एक मिनिट, पाच, पंधरा, तीस मिनिटं, मग एक, दोन, चार, आठ तास आणि शेवटचा दुसऱ्या दिवशी चोवीस तासांनी.

सुरुवातीच्या मिनिटांना दोन माणसं लागतातच. माझी मैत्रीण स्टॉपवॉच धरून "आता" म्हणायची, मी पिपेटने एक मिलिलिटर काढून समोरच्या नळीत सोडायचे, व्हॉर्टेक्सवर, म्हणजे नळी घुसळणाऱ्या यंत्रावर, धरायचे, तोवर पुढचं "आता" आलेलं असायचं. प्लेटांवर नावं आदल्या दिवशीच लिहून ठेवायची, मागच्या बाजूला, कडेला. लॅबमधले मामा त्या वेळेत दार उघडायचे नाहीत. पंख्याचा वारासुद्धा बर्नरला नको असतो, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक.

समोरच्या त्या नळीत साधं सलाइन नसतं, हा या सगळ्या प्रक्रियेचा गाभा आहे. फ्लास्कमधून नमुना काढला म्हणून औषध थांबत नाही. ते नमुन्याबरोबर नळीत येतं, तिथून प्लेटवर जातं आणि अगारवर रात्रभर जिवाणूला मारत राहतं. मग ३० सेकंदांची प्लेट दुसऱ्या दिवशी रिकामी दिसते आणि आपण 'अर्ध्या मिनिटात खलास' असं लिहून मोकळे होतो. खरं तर तिथे अर्धं मिनिट नाही, एक रात्र मोजलेली असते. हे टाळायला औषध ज्या क्षणी थांबवायचं त्या क्षणी त्याला निकामी करणारं रसायन नळीत हवं. चांदीला आणि आयोडीनला सोडियम थायोसल्फेट. थायमॉल, युजेनॉलसारख्यांना लेसिथिन आणि ट्वीन ८०. इथे एक गंमतशीर पेच येतो. तेल पाण्यात मिसळत नाही म्हणून ते विरघळवायला कित्येक जण ट्वीन ८० वापरतात, आणि तेच ट्वीन ८० या तेलांची ताकद काढून घेतं. मी त्याऐवजी डीएमएसओ हे द्रावक घेतलं, एक टक्क्याच्या आत, आणि नुसत्या डीएमएसओचा एक वेगळा फ्लास्क प्रत्येक वेळी ठेवला.

निकामी करणारं रसायनही तपासावं लागतं. ते स्वतः जिवाणूला मारत नाही ना? ते औषधाला खरंच आणि लगेच थांबवतं ना? या दोन प्रश्नांच्या तपासणीत मुख्य प्रयोगाइतकेच दिवस गेले, आणि मला वाटतं ते दिवस सर्वांत चांगल्या कामी आले. ज्या निबंधात कमी वेळाचे दावे आहेत आणि ही तपासणी नाही, तो निबंध मी आता बाजूला ठेवते.

मोजणी. प्लेटवर एकेका जिवंत जिवाणूपासून वाढलेला ठिपका म्हणजे कॉलनी. शंभर कॉलन्यांची प्लेट मोजायला सोपी, तीनशेच्या वर गेली की कॉलन्या एकमेकींत मिसळतात, तीसच्या खाली गेली की आकड्यावर भरवसा कमी. स्टॅफिलोकॉकसच्या गोल, पिवळसर, तेलकट चमकीच्या कॉलन्या प्लेटच्या मागून मार्करने टिपत जायचं. एक गोष्ट मला हाताने केल्यावरच नीट कळली. समजा मिलिलिटरला पाच लाख जिवाणूंपासून सुरुवात केली. औषध मारक म्हणायला जगभर जी कसोटी धरतात ती ९९.९ टक्क्यांची, म्हणजे हजारातला एक उरला तरी चालतो. म्हणजे ५०० उरले. नमुना नळीत दहापट पातळ होतो आणि त्यातला ०.१ मिलिलिटर प्लेटवर पसरतो, म्हणजे या ५०० जिवाणूंच्या प्लेटवर दिसतात फक्त पाच कॉलन्या. अख्ख्या प्लेटवर पाच ठिपके. बघणाऱ्याला वाटतं काम झालं. आता स्टॅफिलोकॉकस चांगल्या खाद्यात साधारण अर्ध्या तासाला दुप्पट होतो असं धरलं, तर हजारपट व्हायला दहा वेळा दुप्पट व्हावं लागतं. पाच तास. औषध मधेच संपलं तर सकाळी ९९.९ टक्के मेलेले जिवाणू दुपारच्या जेवणाला पूर्ण हजर. आणि प्लेट अगदी रिकामी असली तरी या मोजणीत त्याचा अर्थ 'मिलिलिटरला शंभरपेक्षा कमी' एवढाच होतो. मी तक्त्यात कुठेही शून्य लिहिलं नाही, 'शंभरच्या आत' असंच लिहिलं.

आलेख काढायला लागले तेव्हा पाचही रेषा पाच तऱ्हेच्या निघाल्या. थायमॉलची रेषा, एमआयसीच्या चौपट प्रमाणाला, कड्यावरून पडल्यासारखी खाली आली. पंधरा मिनिटांच्या प्लेटवर मोजण्यासारखं फारसं नव्हतं. पण तेच थायमॉल निम्म्यावर आणलं तर वेळ दुप्पट लागला नाही. तासन् तास गेले. याचं कारण शंभर वर्षांहून जुनं आहे. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक या बाई काम करायच्या. १९०८ साली त्यांनी दाखवलं, की जंतुनाशकात जिवाणू एकदम मरत नाहीत. ठरावीक वेळात उरलेल्यांतला ठरावीक हिस्सा मरत जातो. त्याच वर्षी वॉटसन यांनी प्रमाण आणि वेळ यांचं गणित मांडलं : प्रमाणाचा एक विशिष्ट घात गुणिले वेळ, हे स्थिर राहतं. तो घात प्रत्येक रसायनाचा वेगळा. चांदीसारख्या धातूंना तो १ च्या जवळ, म्हणजे प्रमाण निम्मं केलं तर वेळ दुप्पट. फिनॉलला तो ६ च्या आसपास. म्हणजे निम्मं केलं तर वेळ २ चा सहावा घात, ६४ पट. जे काम एका मिनिटात होत होतं त्याला तासाहून जास्त.

थायमॉल आणि युजेनॉल दोन्ही फिनॉलच्याच कुळातले. हे गणित मी आत्याच्या गोठ्यात बसून मनात परत मांडलं, कारण गोठ्यात औषधात पाणी घालून पुरवठ्याला आणणं ही रोजची गोष्ट आहे. बाटली महाग, महिना काढायचा असतो. आयोडीन असो, फिनाईल असो, 'थोडं पातळ केलं तर थोडं कमी काम करेल' असंच सगळ्यांना वाटतं. फिनॉलच्या कुळात तसं होत नाही. निम्मं पातळ केलेलं औषध सडावरच्या अर्ध्या तासात जवळजवळ काहीच करत नाही, आणि वास मात्र तोच येतो. आत्याला मी हे चौसष्ट पटीचं सांगितलं तेव्हा तिने एकदम मान डोलावली. पाणी घातलेल्या दुधाची फॅट कशी लागते, हे तिला ठाऊक होतंच. इथे घट त्याहून कितीतरी जास्त.

चांदीची तऱ्हा उलटी. पहिल्या अर्ध्या तासात तिची रेषा औषध नसलेल्या फ्लास्कच्या रेषेला चिकटून. कुणी १५ मिनिटांत चाचणी आटोपली असती तर 'नॅनोकण निरुपद्रवी' असा निष्कर्ष निघाला असता. दोन तासांनंतर ती वाकली, चार तासांत घसरली. कणांवरून आयन सुटायला वेळ लागतो, आणि सुटलेले आयन आधी ब्रॉथमधल्या क्लोराइडला आणि गंधकाच्या संयुगांना जाऊन चिकटतात. उरतील ते जिवाणूला. म्हणजे इथे वेळ नुसता जिवाणू मरायला लागत नव्हता, विष तयार व्हायलाही लागत होता.

निसिन सर्वांत वेगवान. पहिल्या पाच मिनिटांतच रेषा खाली, मला वाटलं प्रोजेक्ट जिंकला. आठ तासांच्या प्लेटवर कॉलन्या परत दिसायला लागल्या आणि चोवीस तासांची प्लेट पूर्ण भरलेली. चिवटपणे उरणाऱ्या या मोजक्या पेशींबद्दल डब्लिनचे जोसेफ बिगर यांनी १९४४ सालीच लिहून ठेवलं आहे. पेनिसिलिनमध्ये स्टॅफिलोकॉकसचा अगदी छोटा हिस्सा मरत नाही, आणि परत वाढवला तर त्याची पिलावळ पेनिसिलिनने पहिल्यासारखीच मरते. ते प्रतिकारक झालेले नसतात, त्या वेळी वाढ थांबवून बसलेले असतात. हे वाचल्यावर मी परत वाढलेल्या कॉलन्यांची एमआयसी पुन्हा काढायचा नेमच केला, कारण प्रतिकार आलेला आणि नुसता टिकलेला हे दोन जिवाणू चोवीस तासांच्या प्लेटवर हुबेहूब सारखे दिसतात. थायमॉलच्या बाबतीत तर आणखी साधं कारण सापडलं. थायमॉल उडून जातं. कापसाच्या बोळ्याच्या फ्लास्कमध्ये जिवाणू परत वाढायचे, घट्ट फिरकीच्या झाकणाच्या नळीत कमी वाढायचे. लॅबमध्ये शिरल्या शिरल्या ओव्याचा वास यायचा, तो त्या फ्लास्कमधलाच की!

सल्फा औषध मी मुद्दाम ठेवलं होतं. पहिले काही तास त्याच्या फ्लास्कमध्ये जिवाणू मजेत वाढतात. फॉलिक ॲसिडचा आधीचा साठा पेशीत असतो, तो काही पिढ्या पुरतो, आणि साठा संपल्यावर वाढ मंदावते. सागरी चमकत्या जिवाणूंवर १५ मिनिटांत विषारीपणा मोजायची एक प्रसिद्ध चाचणी आहे, जिवाणूंचा उजेड किती मंद झाला ते बघतात. अशा चाचणीत सल्फा गटाची औषधं फारशी विषारी दिसत नाहीत, आणि चोवीस तास ठेवली की चित्रच पालटतं. औषध तेच, जिवाणू तेच. बदललं ते घड्याळ.

आता मला सर्वांत जास्त विचार करायला लावणारा भाग. चांदीच्या अगदी कमी प्रमाणात, एमआयसीच्या बऱ्याच खाली, पहिल्या काही तासांत जिवाणू मागे पडलेले होते आणि नंतर औषध नसलेल्या फ्लास्कच्याही पुढे गेले. मॅडमना दाखवलं तर त्या आधी आलेखाकडे नाही, माझ्या पद्धतीकडे वळल्या. गढूळपणा मोजलास की प्लेट लावल्यास? चांदीचे कण स्वतःच पिवळट असतात आणि प्रकाश विखुरतात, तेव्हा जिवाणू न घातलेला, नुसत्या चांदीचा ब्रॉथ शून्य धरायला हवा. तो मी धरला होता, तरी फरक राहिला. मेलेल्या पेशीही गढूळपणा वाढवतात म्हणून प्लेटाही लावल्या. प्लेटांवरही थोडा फरक राहिला.

हे काही नवं नाही. १८८८ साली ह्युगो श्युल्त्स यांनी यीस्टला जंतुनाशकाचा अगदी थोडा अंश देऊन त्याची वाढ जोमाने झालेली पाहिली होती, आणि १९४३ साली साउथॅम आणि एर्लिक यांनी बुरशीवर तसंच पाहून त्याला हॉर्मेसिस नाव दिलं. जास्त प्रमाणात विष, अल्प प्रमाणात चालना. त्यात वेळ मिसळली की हा प्रकार आणखी अवघड होतो. माझ्याच फ्लास्कमधून दुसऱ्या तासाचा नमुना घेणारा म्हणाला असता 'रोखतं', मधल्या तासाचा म्हणाला असता 'काहीच करत नाही', आणि शेवटचा म्हणाला असता 'वाढवतं'. तिघांची मोजणी बरोबर असती. जनावराच्या खाद्यात किंवा सांडपाण्यात असे पर्याय थेंबाथेंबाने, दिवसच्या दिवस राहणार असतील, तर त्यांची परीक्षा एका वेळेच्या एका आकड्यावर सोडणं मला धोक्याचं वाटतं. अँटिबायोटिकच्या बाबतीत आपण नेमकं हेच केलं, थोडं थोडं आणि फार दिवस.

शेजारच्या टेबलावर माझी तीच मैत्रीण शहरातल्या जयंती नाल्याच्या पाण्यातून बॅक्टेरिओफाज वेगळे करत होती, जिवाणूंना खाणारे विषाणू, हाही अँटिबायोटिकला पर्यायच. तिची घड्याळं अजून वेगळी. टी४ या ओळखीच्या फाजला ई. कोलायच्या आत शिरल्यापासून बाहेर फुटायला साधारण २५ मिनिटं लागतात, तोवर बाहेरून काहीच घडत नाही असं दिसतं, आणि मग एकेका पेशीतून शंभराच्या घरात नवे फाज बाहेर पडतात. तिच्याकडे वेळेबरोबर औषधाचं प्रमाण कमी होत नाही, वाढतं. आमच्या दोघींच्या वह्या शेजारी ठेवल्या की मॅडम म्हणायच्या, "तुम्ही दोघी एकाच विषयाच्या दोन टोकांवर आहात."

शेवटचा टप्पा दुधातला होता आणि तो टाळावा असं कुणाकुणाचं मत होतं, कारण दुधात सगळं बिघडतं. मला तेच बघायचं होतं. धार काढल्यावर सडावर दुधाचा पातळ थर असतोच, ब्रॉथ नसतो. निर्जंतुक केलेल्या म्हशीच्या दुधात, ज्यात फॅट सहा टक्क्यांच्या वर, लवंगेचं तेल आणि थायमॉल जवळजवळ हरवून गेले. तेल फॅटमध्ये विरघळून बसतं, जिवाणूपर्यंत पोचतच नाही. पंधरा मिनिटांत जे ब्रॉथमध्ये झालं ते दुधात आठ तासांतही झालं नाही. निसिन बरंच तगलं. हे प्रमाण वाढवून भरून काढावं तर कातडीचा प्रश्न येतो. लवंगेचं कडक तेल सडावर लावलं तर भाजतं, जनावर धार काढू देत नाही. म्हणून कुणी हे वाचून घरचं लवंग तेल म्हशीला लावायला जाऊ नये, आणि दगडी झालेल्या म्हशीला तर डॉक्टरच हवा.

आत्याला मी उत्तर दिलं ते असं : माझ्यातलं एकही औषध अजून तुझ्या सडापर्यंत आलेलं नाही. तू आयोडीनचं डिपच वापर, बाटलीवर लिहिलंय तेवढंच, पाणी न घालता, आधी लावलंस तर तीस आकडे मोजून पूस, नंतर लावलंस तर पुसू नकोस, आणि पुढे वैरण टाक.

व्हायव्हाला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, की एवढ्या वेळा घेण्याऐवजी फक्त एमआयसी दिली असती तर काय बिघडलं असतं. मी त्यांना पाचही रेषा एका कागदावर काढलेला आलेख दाखवला. चोवीस तासांच्या उभ्या रेघेवर थायमॉल आणि निसिन जवळजवळ एकाच ठिकाणी होते, दोन्ही 'अपयशी'. पाच मिनिटांच्या रेघेवर दोन्ही पहिल्या-दुसऱ्या नंबरात. चांदीचं नेमकं उलट. त्यांनी तो कागद बराच वेळ हातात धरला आणि मग बायोफिल्मबद्दल विचारलं.

तो भाग पुढच्या वर्षीची मुलगी करते आहे. कासेतला स्टॅफिलोकॉकस मोकळा तरंगत राहत नाही, थर करून चिकटतो, आणि थरातल्या जिवाणूला तरंगत्या जिवाणूपेक्षा कितीतरी पट, काही वेळा हजारपटीपर्यंत, जास्त प्रमाण लागतं. तिच्यासाठी मी औषध निकामी करणाऱ्या रसायनांच्या तपासणीच्या माझ्या सगळ्या नोंदी काढून ठेवल्या आहेत. तिला ३० सेकंदांचा नमुना घ्यावा लागणार नाही बहुतेक. चिकटलेल्या थराच्या आत औषध झिरपायलाच वेळ लागतो, त्यामुळे तिचा पहिला नमुना एका तासाचा आणि शेवटचा तीन दिवसांचा ठेवायचा असं आमचं ठरलं आहे.